मावशींना काही शिकवू नका

मतदान केंद्रावर एक दिवस बसायचे असले तरी आपल्याकडे गुरुजींना आधी प्रशिक्षणाला जावे लागते. दांडी मारली की कारणे दाखवा नोटीस येते. शाई कोणत्या बोटाला लावायची, यंत्राला सील कसे ठोकायचे, सगळे दोन-दोनदा शिकवतात. वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना रात्रंदिवस सांभाळणाऱ्या मावशीला मात्र असला काही जाच नाही. सोमवारी ती कामाला लागते, तिच्या हाती फडके, बादली आणि किल्ल्यांचा जुडगा देतात आणि मंगळवारी ती अनुभवी होते. या सुटसुटीत पद्धतीची आजवर कुणी मनापासून स्तुती केलेली नाही. उलट अधूनमधून कुणीतरी शहाणा उठतो आणि ‘डिमेन्शियाच्या रुग्णांना कसे सांभाळायचे ते कर्मचाऱ्यांना शिकवा’ असा धोशा लावतो. धाराशिव जिल्ह्यापुरते तरी हे खूळ वेळीच थांबावे म्हणून हा लेखनप्रपंच.

निदानापासून सुरुवात करू. आपल्याच तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते सांगितले, अशी कथा आहे. नामदेव महाराज कुरकुरले, ते कच्चे निघाले. म्हणजे परीक्षेची थोर परंपरा जिल्ह्यात आहेच. आपण फक्त तीत सुधारणा केली. थापटणेसुद्धा आता लागत नाही. दारातून नजर टाकली की ‘म्हातारी चळली’ हे कळते. डॉक्टर लोक उगाच प्रश्न विचारत बसतात: आज वार कोणता, महिना कोणता, तुम्ही कोणत्या जिल्ह्यात आहात. या शेवटच्या प्रश्नाला आजोबांनी ‘उस्मानाबाद’ म्हटले तर काय धरायचे? जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. आजोबांच्या आधी सरकारचे उत्तर बदलले. आणि त्यांच्याहून वयाने मोठ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या एखाद्या आजीने जन्मभराच्या सवयीने ‘धाराशिव’ म्हटले तर तिचे गुण पूर्ण. अशा परीक्षेपेक्षा आपली नजर बरी.

शिवाय आपल्यापाशी ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे. देशभरात ज्येष्ठांची पाहणी करून अभ्यासकांनी २०२३ साली सांगितले, की साठी ओलांडलेल्या शंभरांतल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असतो. देशात असे ८८ लाख लोक आहेत आणि खेड्यांत हे प्रमाण शहरांहून जास्त आहे. यातला जीवघेणा भाग कोणता, तर उरलेल्या त्र्याण्णवांना तो नसतो. म्हणजे विसरणे हे वयाचे लक्षण नसून मेंदूचा आजार आहे, असे ही मंडळी सुचवतात. इतक्या जुन्या म्हणीचा एवढा अपमान आजवर कुणी केला नसेल. आजार म्हटले की औषधपाणी आले, काळजी आली, पथ्य आले. म्हातारचळ म्हटले की विषय संपला.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू, कारण अडाणीपणाचे खरे वैभव तिथेच दिसते. वाशी तालुक्यातली एक आजी कल्पून पाहा. दिवेलागण झाली की ती उठते. अंथरुणाखालचे जुने लुगडे पसरते, त्यात कंगवा, औषधाची रिकामी डबी आणि शेजारच्या आजीची एक चप्पल ठेवते, गाठ मारते आणि गाठोडे काखेला लावून दाराशी येते.

“सोडा मला. धार काढायची राहिलीय. रेडकू वरडतंय कवापासून.”

“कुठली धार, आजी? म्हस इकून वीस वर्सं झाली.”

“मालकांना हाक मारा मग.”

“मालक वारले की तुमचे. कवाच.”

आजी तिथेच भिंतीला टेकून मट्कन बसते आणि ऊर बडवून रडते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा गाठोडे, पुन्हा म्हैस, पुन्हा मालक. कालचे तिला काही आठवत नाही, त्यामुळे नवरा गेल्याची बातमी तिला रोज पहिल्यांदाच कळते. महिन्याकाठी तीस वेळा ती नव्याने विधवा होते. मावशींची सत्यनिष्ठा मात्र एकदाही ढळत नाही. एवढे खरे बोलणारे कर्मचारी दुसऱ्या कोणत्या खात्यात सापडतील?

शिकलेली मावशी इथे काय करते ते ऐकण्यासारखे आहे. ती विचारते, “कुठल्या जातीची म्हस तुमची, आजी? दूध किती द्यायची?” आणि आजी चहाचा कप हातात घेऊन म्हशीच्या शिंगापासून शेपटीपर्यंत सगळे सांगत बसते. गाठोडे बाजूला राहते. या आजारात अंधार पडताना जीव कासावीस होतो, म्हणून दिवे लवकर लावावेत, सावल्या पडू देऊ नयेत, हाताला ओळखीचे काम द्यावे, वाती वळायला द्याव्यात, शेंगा सोलायला द्याव्यात, असेही तिला शिकवलेले असते. ‘मालक कुठं गेले’ या प्रश्नाला ती लगेच हो-नाही करत नाही. ‘आठवण येती व्हय त्यांची?’ म्हणून शेजारी बसते. यात एकच धोका आहे. आजी शांत होते, आणि मग मावशीच्या कामाचे मोल कुणाला दिसणार? आरडाओरडा झाला तरच बाहेरच्यांना कळते की आत काही सेवा चालू आहे.

कर्मचाऱ्यांनी जिल्ह्याचा इतिहास तर मुळीच शिकू नये. या आजारात बहुधा नव्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या मागाहून. त्यामुळे कालची भाजी आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचा दिवस आजचाच होऊन बसतो. धाराशिवच्या एका खोलीत चार खाटा असल्या तर त्यांवर तीन वेगवेगळी सालेही असू शकतात. एका खाटेवर सप्टेंबर १९४८ चालू आहे: भारतीय फौज नळदुर्गावर आलेली, रझाकारांची दहशत अजून अंगात, आणि खाटेवरचे आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. गणवेशातला रखवालदार कंदिलासारखी बॅटरी घेऊन आला की ते खाटेखाली शिरतात. दुसऱ्या खाटेवर १९७२ आहे. त्या आजीने दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडीवर पोरे जगवली. ती आज ताटातली अर्धी भाकरी पदराखाली घेते आणि उशीखाली लपवते. मावशी ती रोज सकाळी काढून फेकते आणि ‘मुंग्या लागत्यात की, घाण करून ठिवती म्हातारी’ म्हणून चार शब्द सुनावते. आजी दुपारी पुन्हा लपवते, आणि या खेपेला जास्त लपवते.

तिसऱ्या खाटेवर ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. सास्तूर, होळी, पेठसांगवी या गावांतली दगड-मातीची जाड माळवदे माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ज्याने त्या पहाटे हातांनी दगड उपसले तो गडी आज सत्तरी ओलांडून आश्रमात आहे आणि पहाटे चारच्या सुमाराला उठून शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दंडाला धरून ओढतो. “भाईर पळा, भाईर पळा.” शेजारचा ओरडतो, दिवे लागतात, दोघे-तिघे त्याला धरतात आणि नोंदवहीत शेरा पडतो: ‘रात्री हिंसक होतो.’ नोंदवहीला रकाने तीनच: जेवण, संडास, औषध. गाव कोणते याचा रकाना नाही, आणि नाही तेच उत्तम. त्या रकान्यात ‘सास्तूर’ एवढे एकच नाव असते तर कुणाला तरी सुचले असते की याची खाट दाराजवळ असावी, रात्री एक दिवा चालू असावा, आणि त्याने हाक मारली की ‘सगळे बाहेर आलेत, काका, कुणी आत राहिलं नाही’ एवढे सांगावे. असे सुचू लागले तर कर्मचारी विचार करू लागतील, आणि विचार करणाऱ्या माणसांना पगार जास्त द्यावा लागतो.

हिंसक ठरल्यावर इलाज दोन: गोळी आणि पट्टी. गोळीचे काम सोपे आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली मनोविकारावरच्या नव्या पिढीतल्या काही औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, की स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचे प्रमाण वाढते. तीन वर्षांनी जुन्या पिढीतल्या औषधांनाही तोच इशारा लागला. म्हणून आधी कारण शोधा, वागणे समजून घ्या, आणि गोळी अगदीच गरज पडली तर थोडी आणि थोडेच दिवस, असे जगभर सांगतात. पण चौकट इंग्रजीत असते आणि गोळ्यांची पट्टी मावशींच्या हाती पडेपर्यंत खोके कधीच फेकलेले असते.

दुसरा इलाज म्हणजे जुन्या लुगड्याची पट्टी. ती मनगटाला आणि खाटेच्या दांड्याला बांधली की रात्र निवांत जाते. बांधलेला माणूस सुटण्यासाठी धडपडतो आणि खाटेसकट पडतो, एकाच कुशीवर राहून त्याला जखमा होतात, आठवड्याभरात पायांतले बळ जाते, हे सगळे खरे. पण पायांतले बळ गेले की बांधण्याची गरजही संपते, हा फायदा टीकाकार सांगत नाहीत. कायद्याचा बाऊ करणाऱ्यांसाठी सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे ९५ वे कलम साखळीने बांधायला बंदी घालते. साखळी म्हटले आहे, लुगडे म्हटलेले नाही. पुढचे ९७ वे कलम मात्र सरसकट बांधण्याच्याच आडवे येते. दुसरा उपायच उरला नसेल तर, तेवढ्याच वेळापुरते, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, असे काहीबाही त्यात आहे. आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत या कायद्याने स्मृतीतला गंभीर बिघाडही घालून ठेवला आहे. पण आपल्या पाटीवर ‘आश्रम’ लिहिले आहे. मानसिक आरोग्याचा तिथे काय संबंध?

अडाणीपणाने वेळ किती वाचतो याचेही एक उदाहरण देतो. काल ठीक बोलणारी आजी आज अचानक भलतेच बरळते, गुंगीत जाते, भिंतीवरच्या माणसांशी बोलते. शिकलेला माणूस लगेच घाबरतो. एक-दोन दिवसांत असा बदल झाला तर तो मूळ आजार नव्हे, वर आणखी काही झाले आहे, असे त्याच्या डोक्यात भरवलेले असते: लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणे, अंगातले पाणी कमी होणे, न्यूमोनिया, नाहीतर नवी सुरू केलेली गोळी. मग तो ताप बघतो, लघवी तपासायला पाठवतो, डॉक्टरला फोन करतो. उन्हाळ्यात तर त्याची फारच धावपळ होते, कारण या आजारात तहान लागल्याचे कळत नाही आणि कळले तरी सांगता येत नाही. आपल्याकडे ‘आज म्हातारीचं लईच नाटक चाललंय’ या एका वाक्यात सगळे आटोपते. कधी कधी आजीही आटोपते. पण वय झालेच होते.

अंघोळीचे तसेच. अनोळखी बाईने भरभर लुगडे सोडले आणि डोक्यावरून तांब्या ओतला की म्हातारी बोचकारते. प्रशिक्षणवाले म्हणतात, आधी पायांवर पाणी घाला, अंगावर पंचा राहू द्या, पुढे काय करणार ते एकेक सांगा, आज नको म्हणाली तर दुपारी बघा. दुपारी! आठ खाटांमागे एक मावशी असताना दुपार कुठून आणायची हे मात्र ते सांगत नाहीत, आणि इथे माझ्यासारख्या अडाणीपणाच्या कैवाऱ्याला मनातून आनंद होतो. कारण माणसेच पुरेशी नसली तर शिकवूनही फार बिघडत नाही. संस्थाचालकांनी या दुहेरी तटबंदीचे श्रेय घ्यायला हरकत नाही.

टॉम किटवुड नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने ब्रॅडफर्डमध्ये राहून याचा अभ्यास केला आणि १९९७ च्या पुस्तकात यादी दिली: चांगल्या मनाची माणसेदेखील अशा रुग्णाला नकळत कशी मोडतात, त्याचे सतरा प्रकार. लहान मुलासारखे बोलणे, घाई करणे, समोर असून नसल्यासारखे वागणे, टर उडवणे, धाक घालणे, फसवणे, वगैरे. आपल्याकडे हे सगळे पहिल्या आठवड्यातच येते, तेही इंग्रजी न वाचता.

आता ज्यांनी घोटाळा करून ठेवला त्यांच्याविषयी बोलले पाहिजे. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे, डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभी केलेली. या संस्थेने खेड्यांतल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केले आणि त्या गावोगाव आरोग्याचे काम करू लागल्या. कमी शिकलेल्या बाईला नाजूक काम शिकवता येत नाही, हा आपला सगळ्यात भक्कम मुद्दा. तो याच जिल्ह्यात, डोळ्यांदेखत खोटा ठरला. गोव्यात त्याहून वाईट झाले. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या मंडळींनी बारावीच्या पातळीच्या स्थानिक लोकांना स्मृतिभ्रंशाबद्दल शिकवले आणि घरोघर पाठवले. त्यांनी घरच्यांना आजार समजावला, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवले, गरज पडली तिथे डॉक्टरशी गाठ घालून दिली. ८१ कुटुंबांवर रीतसर चाचणी घेतली आणि २००८ साली निष्कर्ष छापला: सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार हलका झाला. महागडे यंत्र नाही, परदेशी तज्ज्ञ नाही. अशा स्वस्त उपायांना आळा घातला नाही तर ‘निधी नाही’ हे आपले उत्तर किती दिवस टिकणार?

सुदैवाने आळा घालायची एक हुकमी रीत आहे: प्रशिक्षण द्यायचे, पण आपल्या पद्धतीने. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या दिवशी एक दिवसाची कार्यशाळा ठेवावी. फ्लेक्सवर डझनभर फोटो असावेत. साडेदहाची वेळ द्यावी, पाहुणे पावणेएकला यावेत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक झाले की प्रोजेक्टरवर इंग्रजी चित्रे दाखवावीत. या सगळ्या वेळात मावशी कुठे असतात? चहा-पोहे त्यांनीच केलेले असतात, सतरंज्या त्यांनीच अंथरलेल्या असतात, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी रडत असते म्हणून त्या वरच असतात. प्रमाणपत्रे संस्थेचे सचिव, कोषाध्यक्ष आणि कार्यालयातले कारकून यांना मिळतात. ती लॅमिनेट करून दर्शनी भागात लावली की प्रशिक्षित संस्था तयार. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फळवाटपही याच जातीचे. दात नसलेल्यांना सफरचंद, घोषणा, हलगी, पन्नास अनोळखी चेहरे आणि मोबाइलचे झगझगाट. त्या रात्री कुणालाच झोप येत नाही आणि नोंदवहीत हिंसक म्हाताऱ्यांची संख्या दुप्पट होते.

सरकारनेही आपल्याला निराश केलेले नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्याला किमान एक, निराधार वृद्धांपैकी १५० जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. पण ‘शासन स्थापन करू शकेल’ अशा सौम्य भाषेत, म्हणजे न करूही शकेल. डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत आले. वृद्धाश्रमांना किमान दर्जाचे निकष आणि नोंदणी, घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांना प्रशिक्षित आणि पोलीस पडताळणी झालेलीच माणसे नेमण्याची सक्ती, असे भयंकर काही त्यात होते. ते समितीकडे गेले, समितीने विचार केला, २०२४ साली लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक आपोआप बाद झाले. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत संसदेने दाखवलेली एवढी सहानुभूती क्वचितच पाहायला मिळते.

तरीही धोका टळलेला नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलिमानस, असे दोन फोन क्रमांक चालू आहेत, दोन्ही फुकट. ते कृपा करून मावशींच्या खोलीत लावू नका.

आणि वाचकांना एक कळकळीची विनंती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज बोलते-चालते असताना काहीही विचारू नका: लहानपणी काय म्हणून हाक मारायचे, गाव कोणते, १९९३ च्या त्या पहाटे ते कुठे होते, कोणता अभंग पाठ आहे, कशाची भीती वाटते, चहात साखर किती. विचारलेच तर वहीत लिहू नका. लिहिलेच तर ती वही आश्रमात सामानाबरोबर देऊ नका. मावशींना ती वाचता आली, नाहीतर कुणी वाचून दाखवली, तर त्यांचे निम्मे प्रशिक्षण तिथेच होऊन जाईल.